सोल्यांचा बर्गर

यंदा बाजारात तुरीच्या शेंगा आल्या आणि माझा पुन्हा गोंधळ उडाला. शेंगा बघून माणसाचा गोंधळ उडावा असं शेंगांत काही नसतं, हे मलाही कळतं. भाजीवाली बाई पोतं अंथरून ढिगामागे बसली होती. मी पिशवी पुढे केली, मग मागे घेतली, मग एक शेंग उचलून दाबून पाहिली आणि परत ठेवून दिली. "घेता का काका, का नुसत्या पाहून राह्यले?" ती म्हणाली. घेतल्या. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली तर बायको म्हणाली, "याचं काय करू?" मला उत्तर देता आलं नाही. आधी कधी विचारलं असतं तर तिचा प्रश्न संपायच्या आत मी दोन-तीन पदार्थ सांगून मोकळा झालो असतो.

आमच्याकडे तुरीच्या ओल्या दाण्यांना सोले म्हणतात. थंडी पडली की सोले येतात आणि थंडीबरोबर जातात. तेवढ्या दिवसांत आमची घरं सोल्यांवरच चालतात. सोलेभात, सोलेवांगे, सोल्यांची कचोरी. दुपारी अंगणात ऊन सरकेल तसं आपणही सरकत शेंगा सोलायच्या, अंगठ्याचं नख हिरवं-काळं होऊ द्यायचं, मधेच एखादी अळी निघाली की ती बोटानं उडवून द्यायची आणि गप्पा न तोडता पुढची शेंग उचलायची. बाहेरून कापसाच्या गाड्या बाजाराकडे जात असतात, त्यांचा कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहतो. सकाळी स्वेटर, दुपारी नुसतं बनियन, संध्याकाळी पुन्हा स्वेटर. मला हा मोसम मनापासून आवडतो. की आवडायचा, म्हणावं? बघा, इथेच माझं घोडं अडतं.

मी आयुष्यभर जमीन मोजणीच्या खात्यात काढलं. दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, नेमका कुठून जातो, यावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या भावाभावांच्या मध्ये उभं राहून मी मोजमाप केलं आहे. मोजलं की कळतं, असा माझा साधा हिशेब होता. आता निवृत्त होऊन वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या घरात बसलो आहे आणि गेल्या हिवाळ्यातली एक दुपार मला काही केल्या मोजता येत नाही. तिचा धुरा कुठे घालायचा, चांगलं झालं ते कुठपर्यंत आणि वाईट झालं ते कुठून, हे ठरतच नाही.

आम्ही तिघं कॉलेजपासूनचे दोस्त. दिलीपचं वर्ध्यात कापडाचं दुकान आहे. गजाननचं पवनारला धाम नदीच्या बाजूनं शेत आहे. दरवर्षी सोल्यांच्या दिवसांत आमचा रोडग्यांचा कार्यक्रम गजाननच्या शेतात व्हायचा. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून ते फोडायचे, वर तूप, सोबत सोले घातलेली वांग्याची तिखट भाजी. गोवऱ्यांचा धूर दुसऱ्या दिवसापर्यंत केसांत राहायचा. पंगत झाडाखाली बसायची आणि वाढायला कायम गजानन. शेतमालक म्हणून नाही, त्याला हौसच होती. "घे बे, एवढ्यानं काय होते तुले?" असं म्हणत तो वांग्याचा रस्सा ताटाबाहेर जाईपर्यंत ओतायचा. आणि आमच्यात वाढणारा शेवटी जेवतो. आपलं पोट भरून आपण बाजेवर आडवं व्हायचं, तो मागून कधीतरी जेवायचा. त्याच्याकडे बघायला कोण जागं असायचं?

तरी गेल्या दोन-तीन वर्षांत काहीतरी बिनसलं होतं. गजानन लग्नाला यायचा, आहेर करायचा आणि न जेवता निघायचा. माझ्याकडे आला तर फक्त चहा घ्यायचा. बोलणंही तुटक झालं होतं, हसला तरी ओठांतल्या ओठांत. आता आमच्या भागात एखाद्याच्या घरी न जेवणं म्हणजे साधी गोष्ट नाही. तो माणूस रागावलाय, हे त्यावरून जाहीर होतं. मग फक्त कारण शोधायचं राहतं. दिलीप म्हणायचा, "त्याच्या पोरीच्या साक्षगंधाले मी उशिरा गेलतो, ते त्यानं धरून ठेवलं." माझ्या बायकोचं, सुनंदाचं म्हणणं होतं की पोरगी मोठ्या घरी पडल्यापासून भाऊजी बदलले. मला वाटायचं, त्याच्या शेताची मोजणी मी ओळखीत करून दिली नाही, रीतसर अर्ज करायला लावला, त्याचा राग असेल. तिघांनीही आपापलं कारण पक्कं केलं होतं आणि तिघंही आपापल्या कारणावर मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो. त्याला विचारलं मात्र कुणीच नाही.

गेल्या हिवाळ्यात अवेळी पाऊस आला, शेतात चिखल झाला आणि गजाननच्या रचून ठेवलेल्या गोवऱ्या भिजल्या. रोडगे रद्द. मी म्हटलं, या वेळी माझ्याकडे या, गच्चीवर बसू. सुनंदानं लगेच हात वर केले. "गॅसवर रोडगे होत नाई. तुमच्या दोस्तायले जेवू घालाचं असन तर तुमी करा." मी म्हणालो, करतो. काय करतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बर्गर कुठून डोक्यात आला, सांगता येत नाही. आमच्या रस्त्यावर एक गाडी लागते, तिथे मुलं पावात पिवळी टिक्की आणि कोबी घालून खातात आणि त्याला बर्गर म्हणतात. मी एकदा खाल्ला होता आणि मला तो वडापावाचा गरीब भाऊ वाटला होता. निवृत्त माणसाला रिकामपण फार आणि मोबाइल हातात. मी व्हिडिओ पाहू लागलो. बर्गर उंच हवा, एवढं मला त्यातून कळलं. टिक्की जाड हवी, ती पावाबाहेर डोकावली पाहिजे, वर कांद्याची चकती, टमाट्याची चकती, मध्ये काहीतरी ओलसर, आणि सगळं कोसळू नये म्हणून वरून काडी खोचायची. खाणाऱ्यानं दोन्ही हातांनी धरायचं आणि तोंड होईल तेवढं मोठं करायचं. परदेशी लोक त्यात मांसाचा गोळा घालतात. माझ्याकडे सोले होते.

दोन दिवस माझं दुसरं काही सुरू नव्हतं. सोले वाफवून जाडसर वाटले. त्यात आलं, लसूण, हिरवी मिरची, सांबार. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्याच्या माणसानं दचकू नये.) पहिल्या टिक्क्या तव्यावर फुटल्या. सुनंदा दारात उभी राहून म्हणाली, "बेसन टाका." मी म्हटलं, व्हिडिओत नाही. ती म्हणाली, "मंग व्हिडिओवाल्यालेच खाऊ घाला." बेसन टाकलं, जमल्या. बेकरीवाल्याला सांगून मोठे गोल पाव करून घेतले, वरून तीळ. तो विचारत होता, "काका, वाढदिवस हाय का कोनाचा?" दह्याचा चक्का केला, त्यात लसणाची चटणी घोटली. लोखंडी तव्यावर पाव तेलात शेकला तेव्हा तिळाचा असा वास सुटला की मीच माझ्यावर खूश झालो. खरं सांगायचं तर आयुष्यात इतका चविष्ट पदार्थ मी दुसरा केलेला नाही. तो चांगला झाला होता, याबद्दल मात्र माझा गोंधळ नाही.

दुपारी दोघं आले. दिलीपनं जिन्यातच खर्रा थुंकला आणि चूळ भरली. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला ऐवज. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे पाहुण्याचं स्वागत, सौदा, सांत्वन, सगळं खर्र्यावर चालतं. गजानन आणि दिलीप दोघंही कॉलेजपासून खाणारे. गजाननच्या खिशात पुडी नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं.

गच्चीवर सतरंजी टाकली होती. मी ताटं आणली. गजानन सवयीनं उठला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "आना वैनी, मी वाढतो." सुनंदा हसली. "भाऊजी, आज वाढाचं कायी नाई. ज्याचं त्याच्या ताटात हाय. बसा तुमी."

तो बसला. आज मागे वळून बघताना मला दिसतं की त्याच क्षणी त्याचा चेहरा उतरला होता. तेव्हा मी माझ्या टिक्क्यांची उंची न्याहाळत होतो.

दिलीपनं दोन्ही हातांनी बर्गर धरला, एवढा मोठा घास घेतला की चक्का नाकाला लागला, आणि डोळे मिटून म्हणाला, "काय बनवलं बे! असा सोन्यासारका धंदा सोडून तू मोजणी काऊन करत राह्यला?" मी, सुनंदा, दिलीप, तिघंही खात होतो. गजाननच्या हातात बर्गर तसाच होता. त्यानं काडी काढली. पाव तळहातानं दाबला. फिरवून दुसऱ्या बाजूनं पाहिला. कडेचा तुकडा तोडून ओठांत सरकवला आणि बराच वेळ घोळवत बसला. मिरची लागली असावी, त्याचे डोळे पाणावले.

"काऊन रे," दिलीप म्हणाला, "नव्या नवरदेवावानी लाजून राह्यला? आ कर ना मोठा!"

गजाननानं बर्गर खाली ठेवला. आमच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं. त्यात एक बोट आडवं जेमतेम गेलं असतं. त्यापुढे ते उघडेना. मानेच्या शिरा ताणल्या, पण उघडेना.

"एवढंच होते," तो म्हणाला. "लय दिवस झाले."

खाली रस्त्यावरून ऑटो गेला. मग तो आपणहून सांगू लागला, खाली बघत. गाल आतून लाकडासारखे झाले होते. तिखट लागलं की आग व्हायची. पोळी दुधात भिजवून, भात वरणात कुस्करून, घरात एका कोपऱ्यात बसून तो जेवत होता. बायकोला सांगितलं होतं की दाढ दुखते. पंगतीत बसलो तर लोकांना दिसेल, म्हणून वाढत राहायचं. "वाढनाऱ्याले कोनी इचारत नाई, जेवला का म्हनून," तो म्हणाला. खर्रा त्यानं सोडला होता. तोंडात जाईनाच म्हणून.

मला राग आला. इतके दिवस हा आमच्यावर रुसला असं समजून आम्ही रुसलो होतो, आणि इकडे हा उपाशी! राग त्याचा आला की स्वतःचा, हे आजही सांगता येत नाही.

सुनंदानं विचारलं, "दवाखान्यात दाखवलं का?" त्यानं नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली की मोठ्या दवाखान्यात भिंतीवर चित्र लावलं आहे. तीन बोटं उभी तोंडात जायला पाहिजेत, नाही गेली तर लवकर दाखवावं. असं म्हणून तिनं स्वतःची तीन बोटं तोंडात घातली. मग मी घातली. मग दिलीपनं हसत हसत घातली आणि त्याचं हसणं थांबलं. तिसरं बोट जाईना. त्यानं हात पुसून पुन्हा पाहिलं, दुसऱ्या हातानं पाहिलं. शेजारच्या गच्चीवर वाळवण आवरणारी बाई आमच्याकडे बघत उभी राहिली. भर दुपारी तीन म्हातारी माणसं तोंडात बोटं घालून बसलेली बघून तिला काय वाटलं असेल, देव जाणे. हसावं असं ते दृश्य होतं. मीही हसलो असतो, पण गजानन तेवढ्यात उठला, चपला घातल्या आणि गेला. त्याचा बर्गर ताटात तसाच होता, एका कडेनं कुरतडलेला.

नंतर किती तरी दिवस त्यानं माझा फोन उचलला नाही. मी मनात त्या दुपारकडे उलटसुलट बघत होतो. रोडगे झाले असते तर तो वाढत राहिला असता, आम्ही जेवत राहिलो असतो आणि कुणाला काही कळलं नसतं. म्हणजे बर्गर केला ते बरं झालं. पण जन्मभराच्या दोस्ताला घरी बोलावून त्याच्यापुढे नेमका तोच पदार्थ ठेवायचा जो त्याला सगळ्यांसमोर उघडा पाडेल, याला बरं कसं म्हणायचं? मला ते माहीत नव्हतं, हे खरं. पण त्याचा अपमान माझ्याच गच्चीवर, माझ्याच हातच्या पदार्थानं झाला, हेही खरंच. ही दोन खरी वाक्यं मी एकमेकांशेजारी ठेवतो आणि त्यांच्यामध्ये काय आहे ते मला दिसत नाही.

शेवटी मी बसनं पवनारला गेलो. गजानन गव्हाला पाणी देत होता. मला पाहून त्यानं फावडं थांबवलं नाही.

"दवाखान्यात चल," मी म्हटलं.

"कायले? मालूम करून घ्याले?" तो म्हणाला. "कॅन्सर हाय म्हनून सांगतीन. आता निदान झोप त लागते."

"आणि नसला तर?"

"आन असला त?"

मी धुऱ्यावर बसून राहिलो. तो पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत राहिला. तूर कापणीला आली होती, शेंगा वाळून वाऱ्यानं खुळखुळत होत्या. बऱ्याच वेळानं तो जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "दिलीपले घेऊन जा. त्याचं बोट गेलं नाई, म्या पाह्यलं. त्याले दोन पोरी हाय लग्नाच्या."

"तो ऐकत नाही. तू सोबत आलास तर येईल."

हे मी असंच बोललो होतो. गजाननानं फावड्याचा चिखल बोटानं काढला आणि म्हणाला, "त्याच्यासाठी येतो. मी दाखवनार नाई." संध्याकाळी दिलीपच्या दुकानात गेलो तर तो कापडाचं थान गुंडाळत म्हणाला, "गजाननले न्याले पाह्यजे बाप्पा. मी चालतो संगं. माहं कायी नाई, त्याच्यासाठी."

आता या हिवाळ्यात दोघांचे उपचार सुरू आहेत. गजाननच्या गालातला तुकडा तपासायला गेला होता, त्यात कॅन्सर निघाला नाही. पण डॉक्टर म्हणाले, खर्र्यानं होणारा हा आजार त्या वाटेवरचा आहे, दाखवत राहावं लागेल, आणि गाल पूर्वीसारखा मऊ होणार नाही. तो रोज दातांत आइस्क्रीमच्या लाकडी काड्या धरून तोंड ताणतो. दिलीपनं खर्रा सोडला, मग धरला, मग पुन्हा सोडला. सध्या सोडला आहे. त्याच्या खिशात बडीशेप असते आणि तो दिवसभर चिडलेला असतो. याला चांगली बातमी म्हणायची का? लोक विचारतात तेव्हा मी आधी "हो" म्हणतो, मग "म्हणजे तसं नाही" म्हणतो, आणि मग बोलणं भलतीकडे जातं. ओट्यावरच्या शेंगा सुनंदानं अखेर स्वतःच सोलून भातात टाकल्या. मला विचारून उपयोग नाही, हे तिच्या लक्षात आलं असावं.

पण आम्ही पहिल्यांदा दवाखान्यात गेलो ती सकाळ मला नीट आठवते. थंडी होती, रांग दाराबाहेर गेली होती, आणि आम्ही तिघं मफलर गुंडाळून एकमेकांना खेटून उभे होतो. वाटेत दोघांनीही मला वेगवेगळं गाठून सांगितलं होतं, आपण फक्त दुसऱ्यासोबत आलो आहोत. मी दोघांनाही मान डोलावली होती. आमचा नंबर आला. खिडकीतल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "पेशंट कोण?"

दिलीपनं गजाननकडे बोट दाखवलं. गजाननानं दिलीपकडे. मुलीनं वर पाहिलं. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"लवकर सांगा काका. मागे लोक उभे आहेत."

दिलीप जमिनीकडे पाहू लागला. गजाननानं मफलर हनुवटीखाली ओढला आणि खिडकीला तोंड लावलं.

"मी आहो पेशंट," तो म्हणाला. शब्द जाड येत होते, पण कळत होते. "आन हा बी हाय. दोघायचं लिहा."

मुलीनं पेननं माझ्याकडे खूण केली. "आणि हे?"

"त्याले कायी नाई झालं," गजानन म्हणाला. "त्यानं आनलं आमाले."